‘घूं’ आवाज कुठून येतो? जुनी म्युझिक सिस्टिम जोडताना तार कुठे आखूड हवी आणि कुठे लांब चालते

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडी भागात फिरलं की दर दोन-चार इमारतींमागे एक पत्र्याआड गेलेली दिसते. पुनर्विकास. घर रिकामं करायची वेळ आली की माळे उपसले जातात, आणि पितळेची घंगाळं, मोडके आकाशकंदील, मुलांच्या शाळेच्या वह्या यांच्या मागून एक म्युझिक सिस्टिम निघते. कुणाची सोनोडाइन, कुणाची फिलिप्स, कुणाकडे गल्फमधल्या काकांनी आणलेला अकाईचा डेक. त्यात रेकॉर्डची हौस जगभर परत आली आहे. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. त्यामुळे ‘भंगारात द्यायची की लावून बघायची’ या प्रश्नावर हल्ली बरेच जण ‘लावून बघू’ म्हणतात. लावायला बसतात आणि वायरींपाशी अडकतात.

माझ्या मामाचं हेच झालं. तीन वर्षं भाड्याच्या घरात खोक्यात बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर, टेप डेक आणि रेकॉर्ड प्लेअर गेल्या दिवाळीआधी नव्या फ्लॅटमध्ये आले. सुताराने भिंतभर टीव्ही युनिट केलेलं. अ‍ॅम्प्लिफायर डाव्या टोकाच्या खणात, रेकॉर्ड प्लेअर उजव्या टोकाला, कारण मामीच्या मते तो तिथे छान दिसतो. मधे पाच मीटर केबल, युनिटच्या मागच्या पोकळीतून, टीव्ही, राउटर आणि सेट टॉप बॉक्सच्या वायरींच्या गळ्यात गळा घालून आणलेली. मामाने नाट्यगीतांची पहिली तबकडी लावली आणि गाण्याच्या आधी आला तो ‘घूंऽऽ’. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, “गाणं लावलंय की फ्रिज?”

यंत्र म्हातारं झालं, असं मामाने ठरवूनही टाकलं. यंत्राला काहीच झालं नव्हतं.

कुजबूज, बोलणं आणि आरोळी

सिस्टिमच्या वायरी बाहेरून सारख्याच दिसतात, पण त्यांतून जाणाऱ्या विजेचा जोर फार वेगवेगळा असतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

रेकॉर्ड प्लेअरची सुई ज्या छोट्या डबीत बसवलेली असते तिला कार्ट्रिज म्हणतात. बऱ्या प्लेअरमध्ये ती चुंबकाची असते. सुई थरथरते, तिच्यामागचा चुंबक हलतो आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. किती? साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचा तीनशेवा ते पाचशेवा भाग. ही झाली कुजबूज.

टेप डेक, ट्यूनर, सीडी प्लेअर हे बोलतात. डेक असेल तर व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, सीडी प्लेअर असेल तर कमाल २ व्होल्टपर्यंत. या पट्ट्याला लाइन लेव्हल म्हणतात. आणि अ‍ॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाते ती आरोळी. ८ ओहमच्या स्पीकरला २० वॅट द्यायचे तर साडेबारा व्होल्टच्या पुढे जावं लागतं.

कुजबूज ऐकायची तर माणूस शेजारी बसलेला हवा आणि भोवती गोंगाट नको. बोलणं खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला पोचतं. आरोळी तर तलावपाळीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू येते. तारांचं तसंच आहे. रेकॉर्ड प्लेअर ते अ‍ॅम्प्लिफायर ही तार आखूड हवीच हवी. डेक ते अ‍ॅम्प्लिफायर थोडी लांब असली तरी बिघडत नाही. स्पीकरची वायर हवी तितकी फिरवा, फक्त पुरेशी जाड घ्या. मामाच्या घरी नेमकं उलटं झालं होतं. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला चिकटून आणि कुजबूज भिंतभर प्रवासाला.

पहिल्या दोन्हींना जी लाल-पांढरी पिन लागते ती आरसीए. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९३० च्या दशकात रेकॉर्ड प्लेअर रेडिओला जोडण्यासाठी आणलेली ही पिन आजही तीच आहे. लाल म्हणजे उजवी बाजू, पांढरी किंवा जुन्या केबलवर काळी म्हणजे डावी.

पाच मीटरने असं काय बिघडतं?

आरसीएच्या केबलमध्ये मधे एक तार असते, तिच्याभोवती प्लास्टिक, आणि त्याभोवती बारीक तारांची जाळी. ही जाळी म्हणजे शिल्ड. बाहेरचा विजेचा गोंगाट जाळीवर पडतो आणि तिथूनच निचरून जातो, मधली तार कोरडी राहते. पावसात पत्रावळ्या डोक्यावर धरून नेल्यासारखं आहे. बहुतेक पाऊस अडतो, सगळा नाही. रस्ता जितका लांब तितकं भिजणं जास्त.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. मधली तार आणि जाळी इतक्या जवळ असल्या की त्यांच्यामध्ये थोडी वीज साठून राहते. या साठवणक्षमतेला कॅपॅसिटन्स म्हणतात आणि ती पिकोफॅरडमध्ये मोजतात. साध्या केबलला मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड धरा. सिग्नल पुढे जाण्याआधी ही साठवण भरावी लागते. ढोलकीच्या धुमेला तेवढी उसंत असते. झांजेचा ‘छन्’ सेकंदात हजारो वेळा वर-खाली होतो, त्याची साठवण भरता-रिकामी करताना दमछाक होते. त्यात चुंबकाच्या कार्ट्रिजचं आतलं वेटोळं या साठवणीशी हातमिळवणी करून वरच्या सुरांचा तोलच बदलतं. आधी एका पट्टीला कर्कशपणा, मग त्याच्यापुढचे सूर बोथट. बऱ्याच कार्ट्रिजना सगळं मिळून १०० ते ३०० पिकोफॅरड मानवतात. पाच मीटर केबल एकटीच ५०० खाते.

हीच पाच मीटर केबल सीडी प्लेअरला लावली तर? काही नाही होत. सीडी प्लेअर जोरकसपणे वीज ढकलू शकतो, तेवढी साठवण तो सहज भरतो. बिघाड व्हायला सुरुवात होते ती कानाच्या मर्यादेच्या कितीतरी वर, कुणालाच ऐकू न येणाऱ्या पट्टीत. म्हणून ‘आखूड केबल चांगली’ हा सरसकट नियम मला पटत नाही. कुठली, ते सांगायला हवं.

मग ‘घूं’ आला कुठून?

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. कुजबूज वाहणाऱ्या तारेजवळून मेनची वायर गेली की ती ५० ची थरथर थोडी तिच्यात उतरते, आणि तोच तो खालच्या पट्टीतला ‘घूं’.

पण डेक लावला की घूं नाही आणि रेकॉर्ड लावली की आहे, असं का? उत्तर रेकॉर्डमध्येच आहे. तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला चार गाणीही मावणार नाहीत. वरचे सूर वाढवतात, म्हणजे खरखर त्यांच्याखाली दबते. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेलं सॉकेट असतं, त्याच्यामागचं सर्किट हे सगळं उलटं करून मूळ तोल परत आणतं. हा तोल १९५४ पासून ठरलेला आहे. फोनो सर्किट मधल्या सुरांना साधारण शंभरपट वाढवतं आणि ५० च्या पट्टीला त्याच्याही सातपट, म्हणजे सातशेपट. नाट्यगीतातल्या पायपेटीचा खर्ज जिवंत व्हावा म्हणून केलेली ही सोय मेनच्या घूं ला आयती मिळते.

हे कळल्यावर एक चूकही टळते. फोनोच्या सॉकेटात डेक किंवा सीडी प्लेअर लावू नका. कुजबूज ऐकायला टवकारलेल्या कानात कुणी बोंबलल्यासारखं होतं, आवाज फाटतो. उलट रेकॉर्ड प्लेअर ‘ऑक्स’मध्ये, म्हणजे लाइन लेव्हलच्या साध्या सॉकेटात, लावला तर आवाज किडकिडीत येतो, खर्ज गायब. यंत्र बिघडलेलं नसतं, सॉकेट चुकलेलं असतं.

मामाकडे मी आधी केबल बदलली. पाच मीटरची काढून एक मीटरची लावली, प्लेअर तात्पुरता स्टुलावर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला आणला. घूं निम्मा झाला, गेला नाही. मग प्लेअर उलटा करून पाहिला. मागून लाल आणि काळी पिन निघत होती, आणि त्यांच्या शेजारी हिरव्या रंगाची एक बारीक वायर. बोटभर. टोक पक्कडीने कापलेलं.

“मामा, ही हिरवी वायर कुठे गेली?”

“ती होय! सुतार म्हणाला, ही कुठेच लागत नाहीये, लोंबतेय नुसती. मी म्हटलं, काप.”

ती लोंबणारी वायर म्हणजे प्लेअरच्या धातूच्या हाताची आणि सांगाड्याची अर्थ वायर. तिच्या टोकाला काट्यासारखी दोन दातांची चपटी पट्टी असते, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे फोनो सॉकेटाजवळ ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली ती अडकवायची असते. ती नसली तर धातूचा हात अँटेनासारखा घरभरची थरथर गोळा करतो. बोटभर उरलेल्या टोकाला मी वायर जोडली, सोल्डर केली, स्क्रूखाली दाबली. घूं बंद. इतका अचानक, की अ‍ॅम्प्लिफायरच बंद पडला असं मामाला वाटलं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. तार आखूड करायच्या नादात प्लेअर थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरतं आणि घूं दुसऱ्या दाराने परत येतो. वर गरम हवेची वाटही अडते. शेजारी ठेवा, हातभर अंतरावर.

“पण माझं युनिट तर बनून झालंय!”

हा आक्षेप मी मामीकडूनच ऐकला, आणि तो रास्त आहे. सुताराला परत बोलावणं ठाण्यात सोपं राहिलेलं नाही.

यावर उपाय आहे. कुजबूज जिथे निघते तिथेच तिचं बोलण्यात रूपांतर करायचं. फोनो प्रीअ‍ॅम्प नावाची छोटी डबी मिळते, त्यात ते फोनोचं सर्किट असतं. ही डबी प्लेअरशेजारी ठेवा, प्लेअरची आखूड तार आणि हिरवी वायर तिला जोडा, आणि डबीतून निघणारी लाइन लेव्हलची केबल भिंतभर फिरवून अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये लावा. फोनोत नाही, नाहीतर तोच खर्ज दोनदा वाढेल. ज्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनोचं सॉकेटच नाही त्यांनाही हीच डबी लागते. आजकालच्या बऱ्याच नव्या प्लेअरमध्ये ती आतच असते आणि मागे एक छोटं बटण असतं, तेवढं बघून घ्या.

“ब्लूटूथ लावलं की वायरींची कटकटच नाही ना?” ब्लूटूथचा रिसीव्हर अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला तरी अर्ध्या मीटरची तार लागतेच. दुकानात ‘ईपी टू आरसीए’ मागा, हेडफोनच्या बारीक पिनेला आपल्याकडे ईपी पिन म्हणतात. जाड, पाव इंचाच्या पिनेला पी-३८.

स्पीकरची वायर

इथे लांबीची भीती नको. इथे प्रश्न जाडीचा आहे. लाइटच्या पॉइंटला वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली, तर पाच मीटर लांब स्पीकरपर्यंत जायचा-यायचा मिळून विरोध होतो जेमतेम ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य. मात्र स्वस्त वायरीत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, आणि तिचा विरोध तांब्यापेक्षा बराच जास्त. ब्लेडने एक धागा खरडून बघा, आतून चंदेरी निघाला तर परत करा.

दोन्ही स्पीकरच्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात, असं खूप जण ठासून सांगतात, आणि मग जवळच्या स्पीकरमागे तीन मीटरचं भेंडोळं पडतं. तारेतला सिग्नल तीन मीटर जायला सेकंदाचा सुमारे सहा-सात कोटीवा भाग लागतो. आणि तुम्ही सोफ्यावर एक सेंटिमीटर सरकलात तर आवाज तुमच्यापर्यंत पोचण्यात त्याच्या जवळपास दोन हजारपट फरक पडतो. भेंडोळं कापून टाका.

फक्त अधिक-उणे सांभाळा. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी लागली तर एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, आणि दोघे मिळून खर्ज गिळून टाकतात. आणि वायरीचा एकही सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला चिकटलेला नको. जुने ट्रान्झिस्टर त्या एका धाग्याने जळतात.

पाच पिनांचं गोल सॉकेट

फिलिप्स, ग्रुंडिग यांच्यासारख्या युरोपीय वळणाच्या जुन्या सेटवर आरसीए नसतं. असतं ते नखाएवढं गोल सॉकेट, अर्धवर्तुळात पाच भोकं. हे जर्मन प्रमाणाचं, डिन. एका केबलमधून रेकॉर्डिंग जातं आणि प्लेबॅक येतं. नीटनेटकेपणात डिन आरसीएच्या पुढे आहे असं माझं मत आहे, चार पिनांचं काम एकात होतं. आपलं दुर्दैव की ती पद्धत मागे पडली.

डिन ते आरसीए केबल तयार मिळते, पण कधी कधी ती लावल्यावर शांतता पसरते. कारण पिनांचे आकडे सरळ ओळीत नाहीत. एका टोकाकडून मोजलं तर १, ४, २, ५, ३ असा क्रम आहे. मधली २ म्हणजे जाळीची. टेप डेकमधून आवाज बाहेर येतो तो ३ आणि ५ वर, ३ डावी, ५ उजवी. १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी. दोन आरसीएची केबल १-४ वर जोडलेली असेल तर डेक बिचारा वाजतोय आणि ऐकणारं कुणी नाही. दुकानदाराला ‘प्लेबॅकची’ सांगा, किंवा चार आरसीएची घ्या आणि दोन-दोन लावून बघा. स्वतः सोल्डर करणार असाल तर लक्षात ठेवा, पिन मागून पाहिली की क्रम आरशासारखा उलटतो. माझा एक रविवार त्यात गेला आहे.

हजारोंची केबल घ्यावी का?

नाही. शिल्ड दाट हवी, पिन घट्ट बसायला हवी, जोड पक्के हवेत. त्यापुढचे पैसे मी रेकॉर्डवर घालवेन. जुन्या सिस्टिममध्ये खरखर येते ती बहुधा केबलच्या दर्जामुळे नसून गंजामुळे. खाडीकाठचं शहर, चार महिने पाऊस, दमट माळा. पिना काळपट किंवा हिरव्या पडतात. बंद यंत्राच्या सॉकेटात पिन चार-पाच वेळा गोल फिरवून काढा-घाला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

बाजारात केबल दीड, तीन, पाच मीटरची मिळते आणि आपल्याला हवी असते साठ सेंटिमीटरची. ती घरी करता येते. शिल्डवाली वायर आणि धातूच्या टोपीच्या आरसीए पिना स्टेशनजवळच्या पार्ट्सच्या दुकानात न मिळाल्या तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि मग लॅमिंग्टन रोड. वरचं आवरण सेंटिमीटरभर सोला, जाळी बाजूला घेऊन पिळ द्या, मधली तार पिनेच्या पोकळ टोकात, जाळी बाहेरच्या पट्टीला. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. फार वेळ टेकवलं तर मधलं प्लास्टिक वितळून तार जाळीला भिडते, म्हणून झटपट. आणि सोल्डर करण्याच्या आधी पिनेची टोपी वायरीत ओवून ठेवायची. सुंदर, चकचकीत जोड जमतो, फुंकर मारून तुम्ही समाधानाने बघता, आणि टोपी टेबलावर हसत असते. मी आजही विसरतो. शेवटी मल्टिमीटरच्या बीपवर तपासा: टोक ते टोक बीप, जाळी ते जाळी बीप, टोक ते जाळी गप्प.

आखूड म्हणजे ताणलेली नाही

जुन्या यंत्रांची सॉकेटं बऱ्याचदा थेट सर्किट बोर्डावर सोल्डर केलेली असतात. केबल तंग राहिली की रोज थोडी ओढ बसते आणि कधीतरी तिथला जोड तडकतो. हातभर सैल ठेवा. प्लेअर स्प्रिंगवर असेल तर केबल मऊ हवी, नाहीतर युनिटचा हादरा तिच्यातून सुईपर्यंत पोचतो.

मागच्या बाजूला मेनच्या वायरी एकीकडून आणि सिग्नलच्या दुसरीकडून न्या. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात, समांतर नको. बांधायला वेल्क्रोची पट्टी. रबर बँड आपल्या उकाड्यात वर्षभरात चिकट होऊन वायरीला चिकटतात. आणि मेनच्या प्लगची अर्थची पिन तोडून घूं घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सेट टॉप बॉक्स जोडल्यावरच घूं येत असेल तर मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावतात, दोन यंत्रांचा तारेने थेट संबंध न ठेवता आवाज पुढे नेणारा, छोटासा असतो. बाहेरदेशातून आलेल्या यंत्राच्या मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२०-२४० वर आहे का, हे प्लग लावण्याआधी बघायचं. नंतर बघून उपयोग नसतो.

मामाने शेवटी फोनोची डबी घेतली, प्लेअर मामीच्या कोपऱ्यात परत गेला. काढलेली पाच मीटरची केबल मी गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकत होतो, तर मामाने हात धरला. “राहू दे रे, लागेल कधीतरी.” नव्या फ्लॅटला माळा नाही. ती आता दिवाणाखाली आहे.